फिलाडेल्फियातील दोन चिनी विद्यार्थी

फिलाडेल्फिया हे नाव मराठी बायकांना परके नाही. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र ज्यांनी वाचले आहे, किंवा लहानपणी आईच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना अमेरिकेतील दुसरे एकही शहर माहीत नसले तरी फिलाडेल्फिया माहीत असते. १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसलेली ती अठरा वर्षांची मुलगी, ११ मार्च १८८६ रोजी तिला मिळालेली डॉक्टरची पदवी, त्या समारंभाला हजर असलेले गोपाळराव आणि पंडिता रमाबाई, हे सारे आपल्याला घरातल्या गोष्टीसारखे पाठ आहे.

त्याच शहरात आनंदीबाईंनंतर अडतीस वर्षांनी एक चिनी मुलगा आणि एक चिनी मुलगी शिकायला आली. त्यांचे लग्न ठरल्यासारखे होते, झालेले नव्हते. दोघांनाही एकच विद्या शिकायची होती, ती म्हणजे वास्तुकला. मुलाला प्रवेश मिळाला. मुलीला, ती मुलगी आहे म्हणून, मिळाला नाही. या मुलीचे नाव लिन ह्वेयिन आणि मुलाचे लियांग स्सुछंग. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे कार्यवाहबाईंनी सांगितले तेव्हा याच जोडप्याची आठवण माझ्या मनात प्रथम आली. त्यांच्या परदेशातल्या दिवसांविषयी मी जसजसे वाचत गेले, तसतशी ही गोष्ट फार दूरची नाही असे मला वाटू लागले. भगिनींनाही तसे वाटेल अशी आशा आहे.

आधी दोघांच्या घरची हकीकत थोडक्यात सांगते. स्सुछंगचे वडील लियांग चीछाव हे त्या काळच्या चीनमधले मोठे सुधारक, विद्वान आणि पत्रकार. १८९८ साली राज्यकारभार सुधारण्याचा त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयत्न शंभर दिवसांतच मोडून काढण्यात आला आणि त्यांना जीव वाचवण्यासाठी जपानला पळावे लागले. स्सुछंगचा जन्म तिथेच, टोकियोत, १९०१ साली झाला. चीनमध्ये राजेशाही संपल्यावर १९१२ साली हे कुटुंब मायदेशी परतले आणि मुलाचे शिक्षण पेकिंगच्या चिंगह्वा विद्यालयात झाले. तिथे त्याला चित्रकलेचा आणि वाद्यवृंदाचा नाद लागला. शाळेच्या बँडमध्ये तो तुतारी वाजवीत असे.

ह्वेयिनचा जन्म १९०४ साली हांगचौ येथे झाला. तिचे वडील लिन छांगमिन हेही विद्वान आणि राजकारणी होते. ते मुलीवर जीव टाकीत, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत. पण घरातली दुसरी बाजू वेगळी होती. ह्वेयिनची आई ही त्यांची दुसरी बायको. तिला मुलगा राहिला नाही म्हणून वडिलांनी तिसरे लग्न केले. नव्या बायकोला मुलगे झाले, तिचे महत्त्व वाढले, आणि ह्वेयिनची आई मागल्या अंगणातल्या खोल्यांत बाजूला पडली. ह्वेयिन आईबरोबर त्याच खोल्यांत वाढली. वडिलांचे प्रेम आणि आईचे दुःख, दोन्ही तिच्या वाट्याला एकाच घरात आले. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही अशा माजघरात बसून राहिलेल्या कितीतरी बायका होत्या. त्यांच्या मुलींना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९२० साली वडील कामानिमित्त लंडनला गेले तेव्हा सोळा वर्षांच्या ह्वेयिनला बरोबर घेऊन गेले. तिथल्या मुलींच्या शाळेत ती शिकली, इंग्रजी उत्तम बोलू लागली, आणि इमारती पाहता पाहता तिने मनाशी ठरवले की आपण वास्तुकला शिकायची. त्या काळी चीनमध्ये घर बांधणे हे सुतार-गवंड्यांचे काम मानले जाई. ही कला आहे, तिचा अभ्यास करतात, ही कल्पनाच नवी होती. परत आल्यावर तिने हा बेत स्सुछंगला सांगितला. पुढे वास्तुशास्त्राचा मोठा इतिहासकार म्हणून नावाजलेला हा गृहस्थ शेवटपर्यंत प्रामाणिकपणे सांगत असे, की वास्तुकला म्हणजे काय हे आपल्याला प्रथम ह्वेयिनकडून कळले. नवऱ्याने बायकोला शिकवल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. इथे वाट दाखवणारी ती होती.

दोघांचे वडील एकमेकांचे स्नेही. सोयरीक व्हावी अशी दोघांचीही इच्छा होती. पण त्यांनी मुलांवर सक्ती केली नाही. आधी एकमेकांना ओळखा, शिक्षण पुरे करा, मग ठरवा, असे चीछावांचे म्हणणे होते. १९२३ च्या मे महिन्यात स्सुछंग मोटारसायकलवरून जात असता एका मोटारीने त्याला धडक दिली. पाय मोडला, तो कायमचा थोडा आखूड झाला, आणि पाठीचे दुखणे जन्मभराचे सोबती झाले. अमेरिकेला जाणे एक वर्ष लांबले. त्या आजारपणात ह्वेयिन रोज त्याच्या खाटेशी येऊन बसे. ही गोष्ट स्सुछंगच्या आईला मुळीच आवडली नाही. लग्नाआधी मुलीने असे उघडपणे यावे हे तिला निलाजरेपणाचे वाटले. थोरल्या नणंदेचे मतही सुरुवातीला फारसे अनुकूल नव्हते. सासरची माणसे वाईट होती असे नाही. जुन्या वळणाच्या घरात नवी मुलगी आली की हे घडतेच.

त्या लांबलेल्या वर्षातच एक असा प्रसंग घडला की त्याचा धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो. १९२४ च्या वसंतात रवींद्रनाथ ठाकूर चीनला गेले. त्यांच्याबरोबर चित्रकार नंदलाल बोस आणि पंडित क्षितिमोहन सेन हेही होते. ह्वेयिन आणि कवी श्यू चमो यांनी दुभाष्याचे काम केले. ८ मे रोजी, गुरुदेवांच्या वाढदिवसाला, पेकिंगच्या हौशी मंडळींनी त्यांचे ‘चित्रा’ हे नाटक इंग्रजीतून करून दाखवले. महाभारतातील चित्रांगदेची ही कथा. एकोणीस वर्षांची ह्वेयिन चित्रांगदा झाली होती. तिचे वडील वसंताच्या भूमिकेत होते, श्यू चमो मदन झाला होता, आणि रंगमंचाचे पडदे स्सुछंगने रंगवले होते. मुलासारखी वाढलेली, धनुष्यबाण चालवणारी ती राजकन्या अर्जुनासाठी उसने रूप मागून घेते आणि शेवटी ते टाकून देऊन खऱ्या रूपाने त्याच्यापुढे उभी राहते. देव्हाऱ्यात बसण्याची तिची इच्छा नसते आणि पायाशी बसण्याचीही नसते, तिला बरोबरीने चालायचे असते. त्या रात्री ह्वेयिनने हे संवाद म्हटले आणि महिन्याभरातच ती तशाच बरोबरीच्या वाटेला लागली.

जून १९२४ मध्ये दोघे बोटीने निघाले आणि जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात दाखल झाले. बरोबर छन चृ नावाचा मित्रही होता. ह्वेयिनने उघड्यावर बसून निसर्गचित्रे काढण्याचा आणि बीजगणिताचा वर्ग घेतला. स्सुछंगने जलरंगांचा आणि त्रिकोणमितीचा घेतला. तळी, धबधबे आणि हिरव्या टेकड्या यांच्या त्या रम्य गावात दिवस आनंदात जायला हवे होते. पण घरून येणाऱ्या पत्रांत आईचा कर्करोग बळावत चालल्याची वार्ता होती. सप्टेंबरात ती वारली. मुलगा हजारो मैलांवर. तारेवर तार आली तरी जाऊन पोहोचणे शक्य नव्हते. परदेशी शिकणाऱ्यांच्या वाट्याला येणारे हे दुःख ज्यांच्या घरातले कोणी दूर गेले आहे त्यांना सांगायला नको. भावी सुनेबद्दलचा आईचा राग तसाच राहून गेला, याची टोचणी दोघांनाही लागली असेल.

शरद ऋतूत ते फिलाडेल्फियाला पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आले. तिथले वास्तुकलेचे शिक्षण त्या वेळी फार नावाजलेले होते. पॉल क्रे हे फ्रेंच आचार्य तिथे शिकवीत. त्या वर्षांत डेलावेअर नदीवर एक प्रचंड झुलता पूल बांधला जात होता, त्याचे वास्तुशिल्पी क्रेच होते, आणि तो पूल १९२६ च्या जुलैत खुला झाला. म्हणजे जी विद्या वर्गात शिकायची, ती शहरात डोळ्यांदेखत उभी राहत होती.

आणि इथेच ह्वेयिनला कळले की वास्तुकलेच्या शाखेत मुलींना प्रवेश नाही. कारण मोठे मासलेवाईक देण्यात आले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना रात्र रात्र चित्रशाळेत जागून नकाशे पुरे करावे लागतात. बरोबर वडीलधारे कोणी नसताना मुलींनी तिथे रात्री असणे शोभत नाही, म्हणून मुलींना ही शाखा बंद. आता गंमत अशी की याच शहरात १८५० सालापासून बायकांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय होते, आणि आपल्या आनंदीबाई त्यातूनच डॉक्टर झाल्या. रात्री-अपरात्री प्रसूतीला जाणारी बाई त्या शहराला चालत होती. रात्री दिव्याखाली रेघा ओढणारी बाई मात्र चालत नव्हती. एक दार उघडले म्हणजे शेजारचे आपोआप उघडते असे नाही. प्रत्येक दार कोणाला तरी वेगळे ठोठावावे लागते.

ह्वेयिन रडत बसली नाही आणि भांडतही बसली नाही. तिने ललितकला शाखेत नाव घातले आणि वास्तुकलेचे विषय एकेक करून घेण्यास सुरुवात केली. हजेरीपटावर ती चित्रकलेची विद्यार्थिनी, पण तिचे मन आणि पाय वास्तुकलेच्या चित्रशाळेत. तिचे काम इतके चांगले होते की १९२६ मध्ये तिला वास्तुरचनेच्या वर्गात अर्धवेळ साहाय्यक नेमले गेले, आणि पुढच्या वर्षी अर्धवेळ अध्यापक. ज्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून नाव घालता येत नव्हते, त्याच वर्गात ती मुलांच्या नकाशांवर पेन्सिल चालवू लागली!

त्या शाळेची शिकवण्याची रीत फ्रेंच पद्धतीची होती. शिक्षक एक प्रश्न घालून देत, एखादे वाचनालय किंवा एखादे स्मारक. विद्यार्थ्याने थोड्याच तासांत त्याचा कच्चा आराखडा द्यायचा आणि मग आठवडेच्या आठवडे खपून भल्यामोठ्या कागदावर तो तपशिलाने पुरा करायचा. सावल्या दाखवण्यासाठी शाईचे पातळ थरावर थर चढवायचे, आणि ही शाई बहुधा चिनीच असे. मुदतीच्या आदल्या रात्री सगळी चित्रशाळा जागी असे.

या जागरणांत दोघांचे स्वभाव उघडे पडले. ह्वेयिनच्या डोक्यात कल्पनांचा पूर येई. ती झरझर आराखडा काढी, मग त्याहून चांगले सुचले म्हणून तो पुसून दुसरा काढी, मग तिसरा. मुदत दाराशी आली की कागद अर्धाच. अशा वेळी स्सुछंग आपले काम आटोपून येई आणि शांतपणे, एकही रेघ न चुकवता, तिची कल्पना स्वच्छ नकाशात उतरवून देई. तिची भरारी आणि याची चिकाटी, अशी ही जोडी जमली ती जन्मभरासाठी. पुढे त्यांनी जे मोठे काम केले त्याचा साचा त्या रात्रींतच पडला होता.

रोजचे दिवस मात्र सगळे गोडीचे नव्हते, आणि ते मी लपवणार नाही. ह्वेयिन बोलकी, हसरी, चटकन मैत्री करणारी. अमेरिकन मुलामुलींत ती फार लवकर रुळली. चीनमध्ये मुलीला न मिळणारा मोकळेपणा तिला इथे प्रथमच मिळत होता आणि ती तो मनमुराद भोगत होती. स्सुछंग गंभीर. आपल्या भरवशावर ही मुलगी इतक्या दूर आली आहे, तिची जबाबदारी आपल्यावर, असे त्याला वाटे. मग तो जपणूक करू जाई आणि तिला ती बंधने वाटत. पहिल्या वर्षात दोघांची कडाक्याची भांडणे झाली. चीछावांच्या पत्रांतही या भांडणांची काळजी दिसते. पण ती भांडणे लग्नाआधी झाली, दोघे समान असताना झाली, म्हणून त्यांचा निकालही समानतेने लागला. हळूहळू त्याला कळले की जपणे वेगळे आणि राखण करणे वेगळे.

एक गमतीची गोष्ट सांगते. फिरायला जायचे ठरले की स्सुछंग मुलींच्या वसतिगृहाच्या दाराशी येऊन उभा राही आणि ह्वेयिन केस, कपडे ठाकठीक करून खाली यायला वीस-तीस मिनिटे घेई. यावर हार्वर्डला पुरातत्त्व शिकणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाने एक विनोदी दोहाच रचला होता. नटणाऱ्या वधूची आणि ताटकळणाऱ्या वराची ती थट्टा घरात कित्येक वर्षे चालली. हे वाचताना आमच्या घरी लग्नाला निघताना खाली उभे राहून हाका मारणाऱ्या पुरुष मंडळींची मला आठवण झाली. माणसे इथून तिथून सारखीच!

त्या काळी अमेरिकेत चिनी माणसाला फारसा मान नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी होती. विद्यार्थ्यांना सवलत होती. परीटगिरी करणारा चिनी माणूस एवढीच सामान्य अमेरिकनाची ओळख. अशा ठिकाणी हे विद्यार्थी एकमेकांना धरून राहत. त्यांचे मंडळ होते, आपल्यासारख्याच सभा आणि समारंभ होते. चिनी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांत ह्वेयिनचा पुढाकार असे. न्यूयॉर्कमधल्या काही चिनी विद्यार्थ्यांनी १९२४ च्या अखेरीस राणी यांग ग्वेइफेइच्या जीवनावरचे नाटक इंग्रजीतून केले. त्यात कवी वन यीत्वो होता. त्या उत्साहात मायदेशी नाट्यकला सुधारण्यासाठी एक संस्था काढण्याचे त्यांनी ठरवले, आणि ह्वेयिन व स्सुछंग दोघेही तिचे सभासद झाले. १९२५ च्या मार्चमध्ये बोस्टन इथल्या चिनी विद्यार्थ्यांनी ‘फीफा ची’ हे जुने चिनी नाटक इंग्रजीत रंगवले. त्यात पुढे प्रसिद्ध झालेली लेखिका शे बिंगशिन हिनेही काम केले. हिनेच पुढे रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ चिनी भाषेत नेली. परक्या देशात आपले नाटक परभाषेतून करायचे, म्हणजे आपली ओळख आपणच करून द्यायची. परमुलखात गणेशोत्सव आणि नाटके करणाऱ्या आपल्या मंडळींना यातली ओढ चांगली समजेल.

ह्वेयिनची चित्रकलाही चालूच होती. नाताळच्या शुभेच्छापत्राच्या स्पर्धेत तिच्या माता-बालकाच्या चित्राला पारितोषिक मिळाले. मोंटाना राज्यातल्या एका सहाध्यायिनीने तिच्यावर आपल्या गावच्या वर्तमानपत्रासाठी लेख लिहिला. स्सुछंगचा ओढा विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे. तिथे चिनी शिल्पे होती. थांग वंशातील सम्राट थाइचुंग याच्या समाधीवरील सहा प्रसिद्ध अश्वशिल्पांपैकी दोन समुद्र ओलांडून तिथे येऊन पडली होती. आपल्या देशाचा ठेवा पाहायला परदेशाचे संग्रहालय गाठावे लागते, याचे शल्य त्या पिढीतल्या प्रत्येक चिनी विद्यार्थ्याला होते. आपल्याला तरी ते कुठे चुकले आहे?

या सर्व काळात पेकिंगहून चीछावांची पत्रे येत. ती पत्रे म्हणजे मुलांची दुसरी शाळाच होती. केवळ नकाशांत बुडून जाऊ नकोस, थोडे साहित्य वाच, थोडी दुसरी विद्या शीक, नाहीतर आयुष्य रुक्ष होईल, असे ते मुलाला लिहीत. १९२५ मध्ये त्यांनी एक ग्रंथ पाठवला. ‘यिंगझाव फाशी’ हे त्याचे नाव. सुंग वंशाच्या काळात, ११०३ साली, ली च्ये नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलेला बांधकामाचा नियमग्रंथ. तो शतकानुशतके जवळजवळ विस्मरणात गेला होता आणि नुकताच पुन्हा छापला गेला होता. स्सुछंगने तो मोठ्या हर्षाने उघडला आणि त्याला त्यातले अक्षरही उमगेना. ग्रीक आणि रोमन मंदिरांचे खांब त्याला तोंडपाठ, आणि आपल्याच बापजाद्यांच्या बांधकामाचे शब्द परके! ते कोडे सोडवण्यात दोघांचा जन्म गेला. परदेशी शिक्षणाने काय दिले, या प्रश्नाला माझ्या मते हेही एक उत्तर आहे. आपल्याला आपले घर माहीत नाही, हे तिथे गेल्यावर कळले.

त्याच वर्षाच्या शेवटी ह्वेयिनवर आकाश कोसळले. उत्तर चीनमध्ये एका सेनापतीने बंड केले, त्यात तिचे वडील सामील झाले, आणि डिसेंबर १९२५ मध्ये गोळीबारात मारले गेले. ज्याने तिला मुलगा-मुलगी भेद न करता वाढवले, लंडनला नेले, जो तिच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला, तो गेला. मागे दोन आया आणि लहान भावंडे. ह्वेयिनने घरी परतण्याचा धोशा घेतला. ते जमेना तेव्हा शिक्षण सोडून अमेरिकेतच वर्षभर नोकरी करावी आणि पैसे उभे करावेत असे तिच्या मनात आले. चीछावांनी तिला दोन्ही करू दिले नाही. मी तुला माझ्या मुलीसारखीच मानतो, खर्चाची काळजी माझी, तू शीक, असा त्यांच्या पत्रांचा आशय होता. त्यांची स्वतःची परिस्थिती त्या वेळी फार सुखाची नव्हती आणि प्रकृतीही ढासळत होती. लग्न अजून झालेले नसताना होणाऱ्या सुनेच्या शिक्षणामागे असा उभा राहणारा सासरा, या गोष्टीपुढे मी हात जोडते.

१९२७ च्या फेब्रुवारीत दोघांच्या पदव्या झाल्या. त्याला वास्तुकलेची मिळाली, आणि उन्हाळ्यापर्यंत त्याच विषयातली वरची पदवीही. तिला ललितकलेची मिळाली, तीही सन्मानाने आणि अवघ्या तीन वर्षांत. शेजारी शेजारी बसून तेच विषय शिकलेल्या दोघांच्या हातात दोन निराळे कागद आले. त्या उन्हाळ्यात दोघांनी आचार्य क्रे यांच्या कचेरीत काम केले. मग ती येल विद्यापीठात प्राध्यापक बेकर यांच्याकडे नाट्यनेपथ्य शिकायला गेली आणि तो हार्वर्डच्या ग्रंथालयात चिनी वास्तूंवर काय लिहिले गेले आहे ते धुंडाळत बसला. मिळाले ते बहुतेक युरोपीय पंडितांनी लिहिलेले. चिनी माणसाने जागेवर जाऊन, मोजमापे घेऊन लिहिलेले काहीच नव्हते.

लग्न झाले २१ मार्च १९२८ रोजी, कॅनडात ओटावा इथे. स्सुछंगचे मेहुणे तिथे चीनचे वाणिज्यदूत होते. एके काळी नाक मुरडणाऱ्या त्याच थोरल्या नणंदेने आपल्या घरी हे लग्न थाटाने लावून दिले. ह्वेयिनला पाश्चात्त्य पांढरा पोशाख घालायचा नव्हता आणि मनासारखा चिनी पोशाख तिथे मिळेना. तेव्हा तिने स्वतःच कल्पून शिरोभूषणासह पोशाख तयार केला. लग्नाची तारीख त्यांनी निवडली ती ली च्येच्या स्मृतिलेखावरच्या तारखेवरून. पुढे झालेल्या मुलाच्या नावातही त्यांनी ली च्येचे नाव गुंफले. नंतर सासऱ्यांनी आखून दिलेल्या मार्गाने युरोपातल्या इमारती पाहत, चित्रे काढत, सैबेरियाच्या रेल्वेने ते ऑगस्टमध्ये घरी पोहोचले. सुनेला पाहून चीछाव फार सुखावले. पण ते सुख पाचच महिने टिकले. जानेवारी १९२९ मध्ये ते वारले.

परतल्यावर शन्यांग इथल्या विद्यापीठात वास्तुकलेचा विभाग सुरू करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पहिल्या वर्षी विभागात शिक्षक दोनच होते, नवरा आणि बायको. जिला वास्तुकलेचा विद्यार्थी होता आले नव्हते ती आता त्या विषयाची प्राध्यापक झाली. पुढे पेकिंगला येऊन दोघांनी जुन्या देवळांचा शोध घेण्यास आरंभ केला. खेचरांवरून, पायी, पावसापाण्यात खेडोपाडी जायचे, छपराच्या तुळयांवर चढून वटवाघळांच्या आणि धुळीच्या राज्यात मोजमापे घ्यायची. पाठीला पट्टा बांधलेला नवरा आणि क्षयाने पोखरलेली बायको हे काम करीत होती.

१९३७ च्या उन्हाळ्यात वूथाय पर्वतावर फोग्वांग मंदिरात त्यांना जे हवे होते ते सापडले. तुळईवरची पुसट अक्षरे खालून प्रथम ह्वेयिनच्या नजरेला पडली. त्यांत एका दात्या स्त्रीचे नाव होते, निंग कुंगयू. तेच नाव बाहेरच्या कोरीव स्तंभावर सापडले आणि त्यावर वर्ष होते इसवी सन ८५७. थांग काळातले लाकडी मंदिर चीनमध्ये उरलेलेच नाही, ते पाहायला जपानला जावे, असे जपानी पंडित म्हणत असत. ते खोटे ठरले. मंदिरात त्या दात्रीची मूर्ती एका कोपऱ्यात नम्रपणे बसलेली आहे. अकराशे वर्षांनी एका बाईने दुसऱ्या बाईचे नाव धुळीतून वाचून काढले. डोंगरातून खाली उतरल्यावर त्यांना कळले की जपानशी युद्ध सुरू झाले आहे.

पुढचा काळ हालअपेष्टांचा आहे. निर्वासित होऊन नैर्ऋत्येकडे जाणे, लीच्वांग गावातले ओल्या घरातले दिवस, ह्वेयिनचे अंथरुणाला खिळणे. त्या अंथरुणावरूनही ती नवऱ्याच्या चिनी वास्तुकलेच्या इतिहासासाठी वाचत आणि लिहीत होती. तो इंग्रजी ग्रंथ १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा दोघेही हयात नव्हती. ह्वेयिन १ एप्रिल १९५५ रोजी आणि स्सुछंग ९ जानेवारी १९७२ रोजी वारला होता. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्सुछंगने तिचा उल्लेख पत्नी, सहकारी आणि एके काळची सहाध्यायी असा केला आहे. या तीन शब्दांतला शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आणि तो कागद? पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने वास्तुकलेची शाखा मुलींना १९३४ साली उघडली. ह्वेयिनने त्या शाखेचे विषय पुरे केले होते, हे जुन्या नोंदी तपासल्यावर विद्यापीठाला मान्य करावे लागले, आणि मे २०२४ मध्ये, ती तिथे दाखल झाली त्याला शंभर वर्षे होत असताना, तिला वास्तुकलेची पदवी मरणोत्तर देण्यात आली. ती स्वीकारायला तिची नात व्यासपीठावर गेली.

शंभर वर्षांनी मिळालेल्या पदवीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ह्वेयिनला तो नाही, हे खरेच. तिने पदवीवाचून काम केले आणि ते काम उभे आहे. पण नोंद दुरुस्त झाली, याला माझ्या लेखी मोल आहे. आपल्या घरांतून कितीतरी बायका नवऱ्याबरोबर परगावी, परदेशी गेल्या. त्याचे शिक्षण झाले, त्याची पदवी भिंतीवर लागली. तिने त्याचे प्रबंध टंकलिखित केले, टिपणे काढली, परक्या गावात चार माणसे जोडली, सणवार केले, आणि घरच्या इतिहासात एवढेच राहिले की ती बरोबर गेली होती. आपल्या मंडळातल्या वडीलधाऱ्या भगिनींपैकी कोणापाशी अशा दिवसांची पत्रे, वह्या, छायाचित्रे असतील तर ती टाकून देऊ नका. मागे नाव आणि साल लिहून ठेवा, आणि जमल्यास पुढच्या वर्षी याच पानांवर त्यांची हकीकत द्या. तुळईवरचे नाव वाचायला कोणी ना कोणी येते, पण ते नाव आधी तिथे लिहिलेले असावे लागते.